मायच्या मोळीचं गणित : ऊसतोड कुटुंबातल्या एका मुलीचं प्रकरण

हे प्रकरण सातवीतल्या एका मुलीचं आहे. शाळा जिल्हा परिषदेची, गाव बीड जिल्ह्यात धारूर तालुक्यातलं, बालाघाटच्या डोंगरात. मुलीचं, गावाचं, कुणाचंच नाव लिहीत नाही, कारण आमच्याकडं सगळे सगळ्यांना ओळखतात. हंगाम 2024-25 चा. मी त्या शाळेत शिकवते आणि बालरक्षक म्हणूनही काम बघते, म्हणजे जी पोरं शाळेतून गळायला लागतात त्यांच्या मागं लागून त्यांना परत आणायचं काम माझ्याकडं. लिहायचं कारण असं की ऊसतोडीच्या गावात नोकरी करणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला अशी पोरगी कधी ना कधी भेटते आणि बहुतेक वेळा तिचं दुखणं दुसरंच काहीतरी समजून औषध दिलं जातं.

झालं असं की डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून ही मुलगी शाळेत येईना. अभ्यासात मधली, पहिल्या बाकावरची नाही आणि मागं पडणारीही नाही, पण हजेरी पक्की, पावसापाण्याची सुद्धा यायची. आईवडील दिवाळी करून कोल्हापूरकडं तोडीला गेलेले. ती आणि तिचा चौथीतला भाऊ गावात आजीजवळ. दोघांचीही नावं हंगामी वसतिगृहात आहेत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, वसतिगृह म्हटल्यावर मोठी इमारत वगैरे डोळ्यापुढं आणू नका, आईबाप तोडीला गेलेल्या पोरांना हंगामभर गावातच ठेवायची ही सोय, शाळा व्यवस्थापन समिती चालवते, पोरांना दोन वेळचं जेवण मिळतं आणि झोपायला बरीचशी पोरं आपापल्या आज्या-चुलत्यांकडं जातात. त्याआधी आमच्या निम्म्या वर्गाला दिवाळीनंतर कुलूपच लागायचं.

तर भाऊ रोज यायचा, भांग पाडलेला, डब्बल गाठ मारलेली बुटाची लेस, म्हणजे घरात कुणीतरी त्याला नीट आवरून पाठवत होतं. ती मात्र गायब.

स्टाफरूममध्ये तर्क सुरू झाले. एकजण म्हणाले आईची आठवण येत असेल, येईल आठ दिवसांत. दुसऱ्या मॅडम म्हणाल्या आजी थकली, घरकाम पडलं असेल अंगावर. तिसऱ्यांनी हळूच विचारलं, लग्नाचं तर काही नाही ना? हा प्रश्न आमच्याकडं उगाच येत नाही. तोडीला उचल, म्हणजे हंगामाआधी आगाऊ रक्कम, मिळते ती जोडीला, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकट्याला अर्धा कोयता म्हणतात आणि अर्ध्याला मुकादम, म्हणजे मजुरांची टोळी जमवून नेणारा माणूस, फारसं विचारत नाही, त्यामुळं हंगामाच्या तोंडावर घाईघाईत लग्नं उरकली जातात आणि त्यात बारा-चौदा वर्षांच्या पोरीही जातात. त्यामुळं मी त्याच संध्याकाळी तिच्या घरी गेले.

अंगणात ती होती. कपाशी मोडून आणलेल्या पऱ्हाट्या भिंतीला लावून ठेवलेल्या, त्यातल्या ओढून ओढून ती मोळ्या बांधत होती, एक मोळी बांधायची, गुडघा दाबून पीळ आवळायचा, मग खाली बसून ती डोक्यावर घ्यायची, उठायचं, समोरच्या भिंतीपर्यंत जाऊन टाकायची आणि परत. मला बघूनही तिनं हातातली मोळी पूर्ण केली आणि मगच थांबली. आजी तुरीच्या शेंगा सोलत बसलेली. म्हणाली, "बघा मॅडम, सकाळधरनं हेच करायली. म्हणती मायकडं जाते, मला मोळी बांधता येती. मी म्हातारी हिला काय आवरू?"

मी तिला विचारलं, काय गं, कशाला जायचं तुला तोडीला?

"मायला लय मोळ्या वाहाव्या लागायल्यात. बाबाचा गुडघा दुखायलाय."

आणि शाळा?

यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग जे बोलली ते तिच्याच शब्दांत लिहिते. "सर म्हणले, अभ्यास नाही केला तर मायबापासारखं कोयता घेऊन उसात मरचाल. माय काय मरती का उसात? माय लय भारी मोळी बांधती. टोळीत कुणाची मोळी सुटली तर मायलाच हाक मारतेत."

म्हणजे आठवण नव्हती, घरकाम नव्हतं, लग्नही नव्हतं. आपल्या आईचा वर्गात सगळ्यांसमोर अपमान झाला असं त्या पोरीला वाटलं होतं, आणि माझ्या मते तिला बरोबर वाटलं होतं.

ती आईकडं कशी बघते

हे समजून घेतल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. दुसरीपर्यंत ती आईबापांसोबत कारखान्यावर जायची. तेव्हा आजोबा आजारी, आजी त्यांच्यापाशी, पोरांना ठेवणार कुणाकडं. त्यामुळं अड्ड्यावर, म्हणजे टोळीच्या मुक्कामावर, कोपीत म्हणजे झोपडीत राहणं, पहाटे उसाच्या फडात जाणं, वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या हिरव्या पानांच्या, ढिगावर भावाला सांभाळत बसणं हे सगळं तिनं केलंय, ऐकीव नाही. पहाटे तीनला आई उठायची, चुलीवर दिवसभराच्या भाकरी थापायची, थंडीत. मग चार-साडेचारला फड. बाप कोयत्यानं ऊस बुडातनं तोडत पुढं सरकायचा, आई मागनं पाचट काढून, वाढं छाटून, कांड्या सारख्या करून मोळी बांधायची आणि बांधायला दोरी कुठून आणायची, वाढ्यालाच पीळ घालून त्याचीच गाठ. उसाचं पान हाताला कापतं, कुसळं लागतात, आणि पाण्यातला फड असला की पाय चिखलात. दुपारनंतर गाडी यायची. ट्रकला फळी लावायची आणि मोळी डोक्यावर घेऊन त्या फळीवरून वर चढायचं, मोळी टाकायची, उतरायचं, परत दुसरी. गाडी रात्री आली तर रात्री.

मी तिला विचारलं, त्यातलं तुला सगळ्यात काय आठवतं. म्हणाली, "फळी हलायची. माय नाही हलायची."

आता सांगा, या पोरीला आपण वर्गात थोर माणसांचे धडे शिकवतो, कष्ट, चिकाटी, धैर्य असे शब्द फळ्यावर लिहून देतो, आणि तिनं हे सगळं जिच्या अंगात डोळ्यांनी बघितलंय त्या बाईचं काम तिला धमकी म्हणून ऐकवतो. शिक नाहीतर तुझ्या आईसारखी होशील. ज्या पोरीला आईसारखंच व्हायचंय तिच्यावर या धमकीचा काय परिणाम होणार? ती शाळा सोडून मोळ्या बांधायची प्रॅक्टिस करणार.

आणि ही गोष्ट एकट्या सरांची नाही. आई स्वतः दर रविवारी फोनवर तेच सांगायची, "शिक गं बाई, माझ्यासारखं होऊ नको." आईच्या तोंडी ते मायेनं येतं, समजू शकते मी. पण पोरीच्या बाजूनं बघा, शाळा म्हणते आई वाईट, शेजारी म्हणतात शिकून सुटका करून घे, आई पण म्हणते माझ्यासारखं नको, सगळीकडनं एकच ऐकू येतं की तू ज्या माणसाला सगळ्यात भारी समजतेस ते माणूस कुणी होण्यासारखं नाही. त्यात तिनं शाळेची नाही, आईची बाजू घेतली. मला तर ही पोरगी यातच आवडली.

अडचण अशी की बाजू घ्यायचा तिला एकच रस्ता माहीत होता, फडात जाऊन आईचं ओझं अर्धं करायचं. आणि ते होऊ द्यायचं नव्हतं. बारा वर्षांच्या पोरीच्या मानेवर मोळी येऊ द्यायची नाही, त्यात वाद नाही. मग तिचा आईबद्दलचा अभिमान तसाच ठेवायचा, उलट वाढवायचा, आणि तरी तिला फडाकडं जाऊ द्यायचं नाही, असं काहीतरी शोधायचं होतं. पूर्वी ठरलेला उपाय म्हणजे पालकांना फोन करून दम द्यायला लावणं. तो मी टाळला, कारण दम आईनं दिला असता तर उरलंसुरलं पण गेलं असतं.

पावतीचा हिशोब

मी तिला एवढंच म्हटलं की उद्या ये, आपण तुझ्या मायचा हिशोब करू, किती टन तोडला, किती मोळ्या वाहिल्या, किती पैसे झाले. दुसऱ्या दिवशी आली. वही घेऊन आली.

तिचे वडील टोळीतल्या एका पोराच्या मोबाईलवरून काट्याच्या, म्हणजे उसाची गाडी वजन करतात तिथल्या, पावतीचे फोटो व्हॉट्सअॅपला पाठवायचे. आमच्या सातवीच्या वर्गात निम्म्याहून जास्त पोरांचे आईबाप कुठं ना कुठं तोडीला, त्यामुळं हे एकटीचं गणित राहिलंच नाही, सगळा वर्ग त्यात शिरला. पावती फळ्यावर उतरवली. गाडीत ऊस 17 टन 600 किलो, टोळीत 8 कोयते, एका कोयत्याच्या वाट्याला 2 टन 200 किलो. दर टनाला 366 रुपये. हा दर 2024 च्या जानेवारीत पुण्याच्या साखर संकुलात साखर संघ आणि ऊसतोड संघटनांच्या बैठकीत ठरला, त्याआधी 273 होता, 34 टक्के वाढ झाली. पोरांनी टक्केवारी पण काढून बघितली, बरोबर आली, आणि शेकडेवारीचा धडा ज्यांना कधी कळला नव्हता त्यांना त्या दिवशी कळला.

366 गुणिले 2.2, म्हणजे 805 रुपये. हे दोघांचे. एकाचे 402. पहाटे चार ते संध्याकाळी सहा धरले तर चौदा तास, तासाला 29 रुपये सुद्धा पडत नाहीत. हा आकडा फळ्यावर आला तेव्हा वर्गात कुणी काही बोललं नाही, मग मागून एक पोरगं म्हणालं, "मॅडम, परत करा, चुकलं असंल." परत केलं. तेवढाच आला.

मग उचल. या कुटुंबानं 90 हजार उचल घेतलेली. 90 हजार भागिले 366, म्हणजे 246 टन तोडल्यावर उचल फिटणार. रोज 2.2 टन धरले तर 112 दिवस, त्यात खाडा पडला की वेगळा दंड. आणि मग मुलीनं स्वतःहून पुढचं गणित मांडलं, ते मी सुचवलेलं नव्हतं. तिनं लिहिलं, माय निम्म्या मोळ्या वाहते, म्हणजे रोज 1 टन 100 किलो. एक मोळी 25 किलो. म्हणजे 44 मोळ्या रोज. 112 दिवसांच्या किती? 4,928. शेवटी तिनं पेन ठेवला आणि आख्ख्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाली, "म्हंजे उचल फेडायला माय पाच हजार वेळा फळी चढणार."

त्या दिवसापासून ती नियमित यायला लागली. लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही, जानेवारीत संक्रांतीच्या आसपास परत चार-पाच दिवस गायब होती, तेव्हा खरंच आजी आजारी होती. पण मोळ्या बांधणं थांबलं.

का थांबलं यावर मी बराच विचार केलाय. तिला आईसाठी काहीतरी करायचं होतं आणि हिशोब ठेवणं हे तिला आईसाठी केलेलं काम वाटलं. दुसरं म्हणजे त्या गणितात आई लहान झाली नाही, मोठीच झाली, आणि ज्याची लाज वाटायला पाहिजे तो दर आहे हे पोरांना आपोआप दिसलं. तिनं मला मधल्या सुट्टीत विचारलं, "मॅडम, एवढं काम आणि एवढेच पैसे, असं कोण ठरवतं?" मग मी तिला संप, करार, मुकादमाचं कमिशन, टनामागं कारखान्याकडून 10 रुपये घेऊन चालवायचं गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याण महामंडळ, जमेल तसं सगळं सांगितलं. हार्वेस्टरला, म्हणजे ऊस तोडायच्या मशीनला, टनामागं माणसापेक्षा जास्त दर मिळतो हे ऐकून तर ती चिडलीच. मला ते चिडणं बरं वाटलं. आईचं काम हलकं म्हणून पळून जाणारी पोरगी आणि आईच्या कामाचा भाव हलका म्हणून चिडणारी पोरगी यांत मला दुसरी हवी.

पावतीवर आणखी एक गोष्ट तिच्याच लक्षात आली. शेतकऱ्याचं नाव आहे, गाडीचा नंबर आहे, वजन आहे, तोडणाऱ्याचं नाव कुठंच नाही. मुकादमाच्या वहीत असतं, ते पण वडिलांचं. आईचं नाव कुठल्याच कागदावर नाही. तिनं आपल्या वहीत वरती आईचं पूर्ण नाव लिहिलं आणि खाली रकाने आखले : तारीख, वजन, मोळ्या, पैसे.

फोनवरची आई

दरम्यान मी आईशी बोलले. दिवसा फोन लागायचा प्रश्नच नाही, रात्री साडेआठनंतर, तेही गाडी भरून झाली असेल तर. मी म्हटलं, ताई, एक मागणं आहे, काही दिवस तिला "माझ्यासारखं होऊ नको" हे म्हणू नका. त्याऐवजी आज फडात काय झालं ते सांगा.

"त्यात काय सांगायचं मॅडम, रोज तेच."

तरी सांगा म्हटलं. पहिल्यांदा त्यांना जमेना. मग हळूहळू सांगायला लागल्या आणि पोरगी दुसऱ्या दिवशी येऊन मला सांगायची, त्यातून मलाही पुष्कळ कळलं. आज पडलेला ऊस होता, वाऱ्यानं लोळलेला, तो तोडायला दुप्पट वेळ जातो आणि दर तोच. आज शेतकऱ्यानं ओरडा केला की बुडखा वर राहिला. बुडाशी साखर जास्त असते, जमिनीलगत तोडला तर शेतकऱ्याचा फायदा आणि खोडवा, म्हणजे त्याच बुडातनं येणारं पुढचं पीक, पण चांगला फुटतो, त्यामुळं कोयता वाकून, मातीला लावून चालवावा लागतो, म्हणून कंबर जाते. शेंड्याला साखर कमी म्हणून वाढं छाटून टाकायचं, पण ते जनावरांना चालतं, त्याच्या पेंढ्या गावातल्या लोकांना विकून मिठामिरचीचे पैसे निघतात. तोडलेला ऊस लवकर गाळला नाही तर वजनही घटतं आणि साखरही, म्हणून गाडी आली की रात्री-अपरात्री भरावीच लागते.

हे विज्ञान आहे, ही शेती आहे, आणि हे सगळं त्या बाईला माहीत आहे. शाळा चौथीत सुटलेली. मुलीनं विज्ञानाच्या तासाला उसाच्या बुडाला साखर जास्त का असते हा प्रश्न विचारला तेव्हा उत्तर शोधायला मला पुस्तक उघडावं लागलं.

एक गोष्ट मात्र आई फोनवर सांगत नव्हती, खांदा. उजवा हात वर जात नाही असं वडिलांकडून कळलं. आमच्याकडच्या बायका दुखणं सांगत नाहीत, सांगितलं तर खाडा, खाडा म्हणजे दंड. याच जिल्ह्यात 2019 साली ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचं प्रकरण गाजलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, सर्वेक्षण झालेल्या 82 हजारांवर बायकांपैकी 13 हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. या बायकांच्या कष्टाचं नुसतं कौतुक करून थांबायचं नसतं ते यासाठी. मुलीला मी हे वय बघून सांगितलं नाही, पण खांद्याचं सांगितलं, लपवलं नाही. आईचं कौतुक करणाऱ्या पोरीला आईचं दुखणं पण माहीत असावं असं माझं मत आहे, नाहीतर पोरांना आई कधी दमतच नाही असं वाटतं.

सरांशी बोलणं

हा भाग नाजूक होता. ज्या सरांनी ते वाक्य म्हटलं ते वाईट माणूस नाहीत, उलट पोरांसाठी सुट्टीच्या दिवशी येणारे. मी त्यांना एकटं गाठून घरी काय बघितलं ते सांगितलं, पऱ्हाट्यांच्या मोळ्यांसकट. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मला माझ्या बापानं हेच सांगितलं होतं मॅडम. म्हणून मी आज इथं आहे."

त्यांचे आईवडील तोडीला जायचे. ते स्वतः कोपीत वाढलेले. शाळेतल्या एकाही पोराला हे माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर स्टाफमध्येही फार जणांना नव्हतं. बीड जिल्ह्यात असे कितीतरी शिक्षक, पोलीस, तलाठी सापडतील ज्यांच्या डीएडच्या फीमध्ये, भरतीच्या क्लासमध्ये उसाचा पैसा आहे. मी त्यांना एवढंच म्हटलं की तुमच्या वडिलांनी स्वतःबद्दल म्हटलेलं वाक्य आणि तुम्ही दुसऱ्याच्या आईबापाबद्दल वर्गात म्हटलेलं वाक्य, शब्द तेच असले तरी ऐकणाऱ्याला एक वाटत नाही. बापानं म्हटलं तेव्हा तुम्हाला बाप समोर दिसत होता, त्याच्या हाताच्या भेगा दिसत होत्या. वर्गात पोरांना फक्त "मरचाल" ऐकू आलं.

जानेवारीत एका तासाला ते स्वतः होऊन पोरांना आपल्या लहानपणाचं सांगायला लागले. कोपीत पावसाचं पाणी कसं यायचं, आई पाठीवर घेऊन फडात कशी न्यायची, दहावीच्या परीक्षेला वडील एक दिवस खाडा करून कसे आले आणि परत जाताना मागच्या टपावर बसून कसे गेले. मी व्हरांड्यात होते. त्या मुलीनं हात वर केला आणि विचारलं, "सर, तुमच्या आईची मोळी कशी होती?" सर म्हणाले, पक्की. तेवढंच. नंतर त्यांना पुढं बोलता आलं नाही, तास लवकर सोडला. अजूनही रागाच्या भरात त्यांच्या तोंडून एखादं जुनं वाक्य जातं, सवय अशी लगेच सुटत नसते, पण आता पोरं त्यांना सांगतात.

पट्टा पडल्यावर

त्या वर्षी राज्यात ऊस कमी, कारखाने लवकर बंद झाले. यांच्या कारखान्याचा पट्टाही मार्चच्या मध्यातच पडला, म्हणजे हंगाम संपला. तोडीचे दिवस भरले साधारण 90. मुलीनं वहीतून आधीच काढून ठेवलं होतं की 198 टन झालाय, 72,468 रुपये फिटले, 17,532 बाकी. आईबाप घरी आले आणि चार दिवसांनी मुकादमानं हिशोब सांगितला, तेव्हा त्याचा आणि तिचा आकडा जवळपास जुळला. वडिलांनी मला शाळेत येऊन हे सांगितलं, म्हणाले आजपर्यंत मुकादम सांगंल तो हिशोब, पहिल्यांदा आमच्याकडं कागद होता. बाकी पुढच्या हंगामावर गेली. ते बदललं नाही आणि पोरीच्या वहीनं बदलणारही नव्हतं.

आईला मी वर्गात बोलावलं. यायला तयार नव्हत्या, मी काय बोलणार म्हणाल्या, पण आल्या, धुतलेलं लुगडं नेसून, पदर डोक्यावर. मी त्यांना भाषण करायला नाही, मोळी बांधायला सांगितलं. ज्वारीची काढणी झालेली, कडबा होता. त्यांनी दोन ताटांना पीळ देऊन बंद तयार केला, पेंढी घेतली, गुडघा ठेवला आणि दोन हातांत फिरवून गाठ मारली, आख्ख्या वर्गातल्या मोठ्या पोरांनी ओढून बघितली, सुटली नाही. मग पोरांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि पाऊण तास त्या बोलत होत्या. मुलगी मागच्या बाकावर बसली होती. तिची वही फळ्याच्या खाली उघडून ठेवली होती, ती आईनं जाताना बघितली, वाचायला वेळ लागला, आणि वरच्या नावावर बोट ठेवून विचारलं, "हे माझं लिहिलंस?"

त्या दिवशी संध्याकाळी आईनं लेकीला काय सांगितलं ते मला मुलीकडूनच कळलं. आई म्हणाली, तू मोळी बांधायला शिकलीस ते बरं झालं, हातात कला असावी, पण फळी मी चढते, तू वही सांभाळ.

सध्या

ती आता आठवीत आहे. आमची शाळा सातवीपर्यंतच, पुढची शाळा दुसऱ्या गावात. मुलींना एसटीचा पास मोफत असला तरी गाडीची वेळ आणि शाळेची वेळ जुळत नाही. म्हणून तालुक्याच्या ठिकाणी ऊसतोड कामगारांच्या पोरांसाठी असलेल्या संत भगवानबाबा वसतिगृहासाठी अर्ज केला. राज्यात 41 तालुक्यांत मुलांचं एक आणि मुलींचं एक अशी 82 वसतिगृहं करायची ही योजना 2021 ची, प्रत्येकात शंभर जागा. अर्जाला पालक ऊसतोड कामगार असल्याचं ग्रामसेवकाचं ओळखपत्र लागतं. वडिलांचं होतं, आईचं नव्हतं. मुलीनं ग्रामपंचायतीत तीन वेळा चकरा मारून आईचंही काढून घेतलं. प्रवेश मिळाला. आईच्या खांद्याचा एक्स-रे उन्हाळ्यात काढला, व्यायाम सांगितलेत, वजन उचलू नका असंही सांगितलंय, आणि दिवाळीनंतर त्या परत तोडीला गेल्यात, कारण मागची बाकी आहे. हा भाग मला अजून झोपू देत नाही.

वहीचं काम गावभर झालंय. रविवारी ती घरी आली की शेजारच्या दोन-तीन टोळ्यांतल्या पोरांच्या मोबाईलवर आलेल्या पावत्या ती उतरवून घेते, एका कोयत्याच्या हिशोबात दोन गाड्या कमी धरल्याचं तिनंच शोधलं आणि मुकादमानं त्या नंतर धरल्या. तिला पुढं काय व्हायचंय हे विचारलं की दर वेळी वेगळं सांगते, एकदा काट्यावर वजन करणारी साहेब म्हणाली, एकदा वकील, मी त्यावर काही बोलत नाही.

भाऊ पाचवीत गेलाय. त्याला हार्वेस्टर चालवायचाय. यावरून दोघांचं रोज भांडण असतं, ती म्हणते मशीन आल्यावर मायला काम कोण देणार, तो म्हणतो मायला तोडायचं कामच नाही ठेवणार, वर सीटवर माझ्याशेजारी बसवणार आणि ऊस कुठनं तोडायचा ते ती सांगणार, कारण तिला जेवढं कळतं तेवढं ड्रायव्हरला कुठं कळतंय.